पत्र्याला पट कळत नाही

गेल्या वर्षी आमच्या शाळेचा पट होता ३२. चौथीची पाच पोरं पास होऊन खालच्या गावात गेली, पहिलीत दोन आली. उरली २९. झालं! शाळेचं अनुदान २५,००० वरून थेट १०,००० वर. तीन पोरं कमी, पंधरा हजार गायब. एका पोरामागं पाच हजार! असा हिशेब एखाद्या दुकानदारानं केला असता तर लोकांनी त्याला बाजारात उभं राहू दिलं नसतं.

नियम वाचून दाखवू नका, मला पाठ आहे. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून शाळेच्या वर्षभराच्या खर्चाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत १०,०००, त्यापुढं १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, आणि हजाराच्या वर गेलात की एक लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. जास्त पोरं, जास्त पैसे. ऐकायला किती रास्त वाटतं! अहो, पण हजार पोरांची शाळा असते कुठं? डांबरी रस्त्याला, बाजारपेठेला लागून. आणि तिसाच्या आतली? ओढ्यापलीकडं, जिथं गाडीच येत नाही. दोन खोल्या, त्यावरचे पत्रे, हातपंप, संडास, लाइटचं मीटर, हे ३२ पोरांना जेवढं लागत होतं तेवढंच २९ पोरांना लागतं. पट घटला म्हणून पत्र्याची भोकं बुजत नाहीत.

१०,००० तून स्वच्छतेचे हजार काढा. राहिले नऊ. महिन्याला ७५०. यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, दुरुस्ती, वर पुन्हा 'गुणवत्ता' पण आणा. वीजबिल थकलं की मीटर काढून नेतात, आणि मग खोलीतला टीव्ही फडकं घालून ठेवायचा. भेटीला आलेले साहेब त्या फडक्याकडं बघून विचारतात, "डिजिटल साहित्य वापरत नाही का तुम्ही?"

पत्र्याचंच सांगतो. जूनच्या वादळात दोन पत्रे उडाले. तालुक्याला पत्रा मिळतो, पण टेम्पो ओढ्यापर्यंतच येतो. तिथून चौघांनी खांद्यावर वर आणायचा. पत्र्याची पावती मिळते, खांद्याची कोण देणार? बसवणारा आमच्याच पाड्यातला, दुसरीतल्या पोरीचा बाप. त्याला म्हटलं, दादा, मजुरीचं बिल लागेल. तो हसायलाच लागला. "गुरुजी, मी काय दुकान हाय का?" आता मी त्याला काय सांगू, की शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पाहिजे, दरपत्रकं पाहिजेत, छापील बिल पाहिजे, बँक खातं पैसे देण्याच्या सरकारी सिस्टीमला जोडायला पाहिजे, मग तुझी दोन दिवसांची मजुरी निघेल? दिले खिशातून. हे खिशातलं, अनुदान कशावर खर्च झालं ते लिहून द्यायच्या कुठल्याच उपयोगिता प्रमाणपत्रात दिसत नाही. तिथं सगळं कसं जागच्या जागी असतं.

बरं, हे १०,००० तरी वेळेवर येतात का? शाळा जूनमध्ये उघडते, लिमिट, म्हणजे किती खर्च करायचा त्याची ऑनलाइन मंजुरी, पडते मार्चमध्ये. वर्षभर आम्ही उधारीवर, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज: "खालील शाळांचा खर्च शून्य दिसत आहे. तात्काळ खर्च करावा. विलंबास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहतील." व्यक्तिशः! नऊ महिने पैसे कुठं होते, त्याला कोण व्यक्तिशः जबाबदार?

मग सुरू होते पीएफएमएसची, म्हणजे त्याच सरकारी ऑनलाइन सिस्टीमची, वारी. शाळेत रेंज नाही. टेकाडावरच्या वडाखाली मोबाइल धरून उभं राहायचं. ओटीपी येतो तोवर पेज बंद पडतं. कसंबसं पेमेंट भरलं की त्याची प्रिंट, आणि प्रिंट तालुक्यालाच. त्यावर माझी सही, समिती अध्यक्षाची सही. अध्यक्ष रोजंदारीवर जातो, त्याचा एक दिवस बुडवून त्याला सोबत न्यायचं. बँकेत साहेब म्हणतात, सही जुळत नाही. माणूस वर्षातून दोनदा पेन हातात धरतो, कशी जुळेल हो? तिथंच कागदावर दहा वेळा सही गिरवून घेतली त्याच्याकडून. अकराव्यांदा जुळली. आणि मग कळलं, लिमिटच परत गेली. एकतीस तारीख होती.

त्या दिवशी शाळेत कोण होतं, विचारा. दोन शिक्षकी शाळा, दुसरे प्रशिक्षणाला. चौथीतल्या एका पोरीनं पहिलीला पाढे म्हणायला लावले, ती आमची शिक्षिका. आणि शासनाच्या बाजूनं ही सगळी धडपड कशासाठी, तर दुर्गम भागातल्या मुलांना दर्जेदार शिक्षण मिळावं म्हणून.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम म्हणतात, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे वाडी-वस्तीवर शाळा लहानच असणार, हे नियम करणाऱ्यांना माहीत होतं. मग पैसे वाटणाऱ्यांना का माहीत नाही? अनुदानाच्या तक्त्यात पटाचा रकाना आहे, अंतराचा नाही. चढाचा नाही. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटेचा नाही. निदान सगळ्यांना एक ठरावीक रक्कम द्या, वरची पटावर द्या, आणि जूनमध्ये द्या. एवढं सुचायला काय समिती नेमायला लागते?

वर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करायचा विषय काढून झालाच आहे. आधी पटावरून पैसे कापायचे, पडक्या खोल्या बघून आईबाप पोरं दुसरीकडं टाकतात, मग म्हणायचं पटच नाही!

काल दाखलपात्र मुलांची यादी केली. या जूनला पहिलीत चार येणार, चौथीतून सहा जाणार. २७. पत्रे अजून दोन हलतायत.