पहिल्यांदाच चाललात का?

शनिवारपासून माझं डोकं तापलेलं आहे. कारण एक रुद्राक्षवाला गोरा गृहस्थ.

शाळा सुटली की पोरांना घेऊन पावसाळाभर कऱ्हाडला आजीकडे राहायचं, असा बेत. तिकिटं झाली, ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीयांचं येण्याजाण्याचं कार्ड, झालं, राहिल्या लसी. त्यासाठी न्यू जर्सीत प्रवाशांचा वेगळा दवाखाना असतो आणि तिथं आमचा विमा चालत नाही. एवढं सांगून पुढे सरकतो, नाहीतर विम्यावरच लेख संपेल.

शेजारच्या खुर्चीवर हा बसलेला. साठीचा, अंगात खादीचा झब्बा.

"कुठं निघालात?"

"इंडिया."

"अरे वा! पहिल्यांदाच?"

माझा रंग, माझं नाक, फॉर्मवरचं दीडवीत आडनाव, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. "जन्म तिथलाच माझा," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "मग तर जास्तच जपा. शरीर विसरतं."

हा एकदा ऋषिकेशला दोन आठवडे राहून आलेला आणि आता पुन्हा निघालेला. तेवढ्या भांडवलावर त्यानं माझी पोरं ताब्यात घेतली. थोरलीनं विचारलं, आजीकडे वायफाय असेल का? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणतो, "बहुतेक नसेल. तीच तर मजा आहे!" आमच्या आईकडे फायबर आहे, रात्री मोबाइलवर मालिका बघितल्याशिवाय ती झोपत नाही. मी तसं सांगितलं, तर खरं-खोटं करायला कार्टी त्याच्याकडे बघते.

मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि टॉयलेटची तयारी?"

मी "अहो" म्हणेपर्यंत झब्बा खोचून स्वारी भर वेटिंग रूममध्ये उकिडवी बसली. "टाचा जमिनीला. गुडघे बाहेर. श्वास सोडा." धाकटा लगेच बसला. थोरली बसली. कोपऱ्यातल्या एका बाईंनी मासिक तोंडासमोर धरलं. रिसेप्शनिस्ट चष्म्यावरून बघत राहिली, बघत मात्र माझ्याकडे होती, जणू हा कार्यक्रम मीच ठेवलाय.

"आता हात न टेकता उठायचं," तो म्हणाला, आणि उठेना. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. पोरं तशीच बसून पुढच्या आज्ञेची वाट बघतायत. शेवटी काखेत हात घालून मीच त्याला उभा केला. धापा टाकत म्हणाला, "तुमच्यात तिथली ताकद अजून शिल्लक आहे."

आईकडे कमोड आहे, हे सांगायची इच्छाच मेली.

आतली नर्सही तेच बोलली, फक्त खुर्चीत बसून. नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचा म्हणे वैद्यकात वेगळा गट धरतात. 'आपल्याला काय होतंय' म्हणत लस टाळायची आणि टायफॉइड घेऊन परतायचं, यात आमचाच नंबर वर. टायफॉइडची सुई निघायच्या निदान दोन आठवडे आधी, दोन वर्षांनी पुन्हा. मलेरियाची गोळी निघण्याआधीपासून रोज, परतल्यावरही सात दिवस. पटतं हो सगळं. पण आपल्याच गावी जाताना इतकं परक्यासारखं का वागवून घ्यायचं? रेबीजच्या लसीचा दर ऐकला आणि कुत्र्यांपासून लांब राहायचं आम्ही एकमतानं ठरवलं.

वर तिनं लिहून दिलं, ओआरएस इथूनच न्या. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी जे मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याच्या तोंडातून माणसं ओढून काढली, जे कऱ्हाडच्या कुठल्याही मेडिकलात मिळतं, ते मी डॉलर मोजून विमानानं तिकडे नेणार!

रात्री आईला फोन केला. "पोरांसाठी पाणी उकळून ठेव."

"आरओ बसवलाय. आणि तू काय पीत होतास रे? नळाचंच ना? बिघडलास का?"

"नाही."

बायको मागून खुसकन हसली. मी तिकडे बघितलं नाही. बिलाचा आकडाही इथं लिहीत नाही, आई वाचते.

पोरं हल्ली टीव्हीसमोर उकिडवी बसतात, टाचा जमिनीला टेकवून. काल धाकटा विचारत होता, "ते अंकल येणार ना आजीकडे?"

"नाही बाळा," बायको म्हणाली, "तेवीस किलोच्या वर नेऊ देत नाहीत."