कप आला, पण मिशिगनचं काय?

कोलंबसच्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला, म्हणून एकदाचं इथेच लिहून टाकते. ओहायो स्टेट या इथल्या विद्यापीठाचा २०२४चा फुटबॉल सीझन हा, देशाचा कप आला म्हणून, आजवरचा सर्वोत्तम, असं म्हणणारे दिवसेंदिवस वाढतायत. मला ते अजिबात पटत नाही.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात: इथलं कॉलेज फुटबॉल (बॉल हातात घेऊन पळायचा अमेरिकन प्रकार) म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतो, आणि ते भरतं. नोव्हेंबरअखेर मिशिगनशी, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाशी, आमच्या कट्टर वैऱ्याशी, मॅच असते. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे एम हे अक्षर दिसेल तिथे लाल टेपने फुली मारतात. मोठी शिकलेली माणसं मारतात हो!

तर २०२४. कोच रायन डे त्याआधी सलग तीन वर्षं मिशिगनकडून हरलेला. आता हरायचंच नाही म्हणून संघावर पैसा ओतला गेला. खेळाडूंना मिळणारी एकूण रक्कम दोन कोटी डॉलरच्या आसपास आहे, असं विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांनीच जाहीरपणे सांगितलं. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आला, केलेब डाउन्स अलाबामाहून, क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून. शिवाय पहिल्याच वर्षाला असलेला जेरेमाया स्मिथ, ज्याच्या दिशेने बॉल फेकला की बहुतेक वेळा काम फत्ते. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनकडून एका पॉइंटने हरलो, ३२-३१. ते कुणी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

३० नोव्हेंबरला मिशिगन आलं ते सहा विजय, पाच पराभव घेऊन. त्यांचे दोन मोठे खेळाडू मैदानाबाहेर. आणि आम्ही घरच्या मैदानावर १३-१० हरलो! दुसऱ्या हाफमध्ये आमचा एकही पॉइंट नाही. मिशिगनची सगळ्यात भक्कम जागा मधली, आणि आम्ही पुन्हा पुन्हा बॉल घेऊन तिथेच घुसत होतो. २६ वेळा धावून फक्त ७७ यार्ड. बाहेरच्या बाजूला स्मिथ उभा. माझं मत विचाराल तर तो निव्वळ हट्ट होता: आम्ही मऊ नाही, अंगाला अंग भिडवूनही जिंकू शकतो, हे दाखवण्याचा. मॅचनंतर मिशिगनच्या पोरांनी आमच्या मैदानावर झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली आणि पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला. लाज वाटली.

नशीब असं की त्याच वर्षी प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेऱ्या, चार संघांवरून बारा संघांच्या झाल्या. जुन्या पद्धतीत आम्ही घरी बसलो असतो. टेनेसीविरुद्धच्या पहिल्या मॅचला कडाक्याची थंडी होती आणि आमच्याच स्टेडियममध्ये टेनेसीच्या नारिंगी कपड्यांतले पाहुणे डोळ्यांत भरतील इतके. आमच्या लोकांनी रुसून तिकिटं विकली होती! मग मात्र हट्ट सुटला, बॉल स्मिथकडे जायला लागला. टेनेसी ४२-१७. ज्या ओरेगॉनने हरवलं होतं त्यांना ४१-२१. टेक्ससच्या मॅचमध्ये जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातून बॉल उडवला आणि तोच उचलून ८३ यार्ड पळाला. आमच्या घरात तेव्हा काय आरडाओरडा झाला ते शेजाऱ्यांना विचारा. २० जानेवारी २०२५ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून आम्ही चॅम्पियन.

खोटं कशाला बोलू, मीही नाचले. तो कप विकत घेतलेला आहे असं म्हणणाऱ्यांशीही मी भांडते, कारण तोच पैसा, तीच पोरं नोव्हेंबरमध्येही होती. फरक कोचने पाडला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण 'शेवटी कप आला ना, मग मिशिगनचं काय घेऊन बसलात' हे वाक्य मला झोंबतं. पाकिस्तानकडून सलग चार वर्षं हरून वर्ल्डकप आणला तर आपण असं म्हणू का? २००६ साली पहिल्या क्रमांकाचे आम्ही आणि दुसऱ्या क्रमांकाचं मिशिगन समोरासमोर आलो, ४२-३९ जिंकलो. त्या शनिवारी सगळं पणाला लागलं होतं. आता हरलं तरी मागचं दार उघडं. टीव्हीवाल्यांना जास्त मॅचेस मिळाल्या, छान. पण त्याची किंमत त्या एका शनिवारने मोजली. सर्वोत्तमच म्हणायचं तर २००२ घ्या: चौदाच्या चौदा जिंकल्या, त्यात मिशिगनही, १४-९.

आणि २०२५ मध्ये बघा कसं उलटं झालं. मिशिगनला त्यांच्या घरी जाऊन २७-९ धुतलं. पुढे इंडियानाकडून १३-१० हरलो, आणि प्लेऑफमध्ये मायामीने पहिल्याच मॅचला घरी पाठवलं. ग्रुपवर सगळे म्हणाले, वर्ष वाया गेलं. मला २०२४ पेक्षा ते जास्त आवडलं. घाला आता शिव्या कमेंटमध्ये.