पुन्हा तीच जाहिरात, तीही दुप्पट मोठ्याने

रेडिओवर गाणं संपतं न संपतं तोच जाहिरात अंगावर येते आणि हात आवाजाच्या बटणाकडे धावतो. हा कानाचा भ्रम नाही. आवाजाची कमाल पातळी गाण्याइतकीच असते, पण जाहिरात बनवताना कम्प्रेशन करून, म्हणजे मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करून, हळू भाग वर ओढलेले असतात. कुठे श्वास घ्यायलाही जागा नाही. त्यामुळे सरासरी आवाज वाढतो आणि कानाला जाणवते ती सरासरीच. शेवटच्या ‘अटी लागू’मधले तर शब्दांमधले विरामही कापून टाकतात. मग ते ऐकवता कशाला?

वैतागून स्टेशन बदलावं, तर तिथेही जाहिराती! अनेक देशांत श्रोत्यांची मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होते आणि एका तुकड्यात पाच मिनिटं ऐकलं की तो अख्खा तुकडा स्टेशनच्या खात्यात पडतो. म्हणून पाव तासाच्या काट्यावर गाणी चालू ठेवायची आणि ब्रेक मधे, तासाच्या विसाव्या किंवा पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास टाकायचा, हे गणित सगळेच करतात. साहजिकच सगळीकडे ब्रेक एकदम.

त्यात एकाच ब्रेकमध्ये तीच तीस सेकंदांची जाहिरात दोनदा. दुसऱ्यांदा पहिला सूर कानावर पडताच माणूस रेडिओच बंद करतो आणि पुन्हा लावायचं विसरतो. आणि जाहिरातीत हॉर्न, सायरन कशाला घालता? गाडी चालवणारा दचकून आरशात बघतो, मागे कुणीच नसतं. हे तरी ताबडतोब थांबवा.