ठसा मारायच्या आधीचा अर्धा मिनिट महत्त्वाचा

मऊ रबरी ठशाने काचेवर प्रथिनांची सूक्ष्म नक्षी उमटवण्यावर एक लेख वाचला; त्यात ही कृती ‘ठसा भिजवा, काचेवर दाबा’ एवढ्यात संपवलीय. खरी गोची मधल्या पायरीत आहे.

सिलगार्ड १८४ (पीडीएमएस नावाचं मऊ सिलिकॉन रबर) आणि ते घट्ट करणारा द्रव दहास एक प्रमाणात कालवून, बुडबुडे काढून नक्षीच्या साच्यात ६० अंश सेल्सिअसवर रात्रभर ठेवलं की ठसा तयार. त्यावर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं प्रथिन अर्धा तास ठेवायचं, मग बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या खारट द्रावणाने) आणि शेवटी शुद्ध पाण्याने धुवायचं. बफर तसाच वाळला तर मिठाचे खडे नक्षीत दिसतात. नायट्रोजनने थेंब उडवले की लगेच, प्लाझ्मा दिलेल्या (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग स्वच्छ केलेल्या) काचेवर ठसा टेकवायचा. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत इथेच घोळ होतो: प्रथिन फार वाळतं, काचेवर नीट उतरत नाही, वर स्थिर विजेने रबरावर धूळ ओढली जाते ती वेगळीच. म्हणून काच आधी तयार ठेवा, ठसा नंतर वाळवा. उलटा क्रम नको.

दाब बोटाचा नको, ठशाचं वजन बहुधा पुरतं. ठशावरच्या उठावाच्या खुणा २ मायक्रॉन उंच आणि मधली मोकळी जागा ५० मायक्रॉन असेल तर त्या जागेवरचं रबराचं छत काचेला टेकणारच. मध्ये आधाराचे खांब घाला. खांब रुंदीच्या दुपटीहून फार उंच झाले तर तेच आडवे होतात.

नक्षीबाहेर उरलेली काच एक टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाने) झाका. ठिपक्यांच्या कडा चकाकतात आणि मध्य फिका, असं फ्लुरोसन्समध्ये (प्रथिनाला लावलेला रंग चमकवून पाहताना) दिसलं तर ठशावर थेंब राहून गेलेत. पाचशे नॅनोमीटरहून बारीक नक्षीसाठी हे मऊ रबर सोडाच, त्याच रबराचा कडक प्रकार (हार्ड पीडीएमएस) लागतो.