दोन स्टार देणाऱ्या भाऊंना उत्तर: मोठी मशीन का नाही दिली, आणि चेनला कानसच का लावली

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काटोलकडच्या तुमच्या बगीच्यातली संत्र्याची जुनी झाडं काढायची आहेत आणि तुमची ४५ सीसीची, १८ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) चेनसॉ पुरत नाही, म्हणून तुम्ही आमच्याकडं ७० सीसीची घ्यायला आलात. आम्ही ती द्यायची टाळली. उलट जुन्याच मशीनची चेन रात्रभर ठेवून घेतली, हातानं कानस मारली, अडीचशे रुपये लावले, ‘अर्धे दात घासून टाकले’ आणि एवढं करून धार एका दिवसात गेली. हेच काम दुसरीकडं ग्राइंडरवर शंभर रुपयांत, दहा मिनिटांत होतं. वरून आमच्या पोट्ट्यानं तुम्हाला लेक्चर दिलं.

दात घासल्याचं आधी घेतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

तुमची चेन टेबलावर आली तेव्हा उजवीकडचे दात डावीकडच्यापेक्षा नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतके आखूड होते. घरी कानस मारणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे. एका बाजूला हात सरळ बसतो, जोर लागतो. दुसऱ्या बाजूला मनगट वाकडं पडतं. मग ज्या बाजूचे दात लांब राहिले त्या बाजूला मशीन ओढते, काप वाकडा जातो आणि बार मधातच फसतो. तुम्ही काउंटरवर म्हणालात, "अर्ध्यात गेली की दम सोडते." दम इंजिनाचा नव्हता जात.

दुसरं म्हणजे एका बाजूचे सलग चार-पाच दात कोपऱ्यावर चपटे झालेले होते. हे लाकडानं होत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीत कधीकाळी ठोकलेली काटेरी तार झाडानं गिळलेली असते, वरून काही दिसत नाही, आणि चेन तिथं लागली की एका सेकंदात हे होतं. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ थर असतो. धार म्हणजे तो थर आणि आतलं पोलाद जिथं मिळतं ती कड. कोपऱ्यावरचं क्रोम उडालं की खालून कितीही चकचकीत करा, तो दात कापत नाही, नुसता घासतो. म्हणून उडालेला भाग पूर्ण जाईपर्यंत दात मागं न्यावा लागतो. आणि सगळ्यात आखूड दात ज्या मापाचा, त्या मापावर बाकीचे सगळे आणावे लागतात. तुम्हाला ‘अर्धे गेले’ वाटले ते यामुळं. प्रत्येक दाताच्या मागच्या बाजूला कंपनीनं एक तिरपी खूण कोरलेली असते, दात तिथपर्यंत वापरता येतो. तुमचे दात त्या खुणेपासून अजून बरेच लांब आहेत, मोजून पाहा. नवी चेन गळ्यात मारली असती तर आम्हाला अडीचशेपेक्षा जास्तच सुटले असते.

तिसरी गोष्ट बिलावर नीट लिहिलेली नव्हती, पण वेळ तिनंच खाल्ला. दाताच्या पुढ्यात एक छोटा उंचवटा असतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला डेप्थ गेज म्हणतात, आमच्या टेबलावर रेकर. दात लाकडात किती खोल शिरणार हे तो ठरवतो. दाताचा माथा मागं उतरता असतो, त्यामुळं कानस मारून दात मागं गेला की तो बुटकाही होतो. रेकर मात्र होता तेवढाच उंच राहतो. असं होत होत दोघं एका पातळीवर येतात, आणि मग दाताला कितीही धार असली तरी तो लाकडाला लागतच नाही. तुमच्या रेकरना चेन घेतल्यापासून कोणी हात लावलेला नव्हता. दात आणि रेकर यांत साधारण ०.६५ मिलिमीटरचा फरक लागतो. गेजची पट्टी ठेवायची, वर डोकावणारा भाग चपट्या कानशीनं उतरवायचा, पुढची कड परत गोल करायची. अंदाजपंचे जास्त उतरवले तर मशीन लाकडाला चावते आणि हिसके देते, ते त्याहून वाईट. तुमच्या चेनला ३६ दात, म्हणजे ३६ रेकर. मशीन तुम्ही दुकान बंद व्हायच्या वेळेला आणली होती. ती रात्रभर राहिली यात दुसरं काही रहस्य नाही.

ग्राइंडर आमच्याकडंही आहे. बिघडलेली चेन एका मापात आणायला तो चांगलाच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण दहा मिनिटांत उरकायचं म्हणून दाबला की दात तापतो, निळा पडतो, आणि निळा पडलेला दात धार धरत नाही. तुमच्या चेनवर असे निळे दात आधीच होते. ते कुठं झाले हे आम्ही विचारलं नाही, आताही विचारत नाही. ते आणखी तापवायचे नव्हते, म्हणून कानस.

आता धार एका दिवसात गेली म्हणता, त्याबद्दल. तुम्ही त्या दिवशी काय कापलं ते फोनवर सांगितलं होतं: संत्र्याचे बुंधे, जमिनीला टेकून. भाऊ, संत्र्याच्या बुंध्याला दरवर्षी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लागते, पावसाळ्यात त्याच्यावर मातीचे शिंतोडे उडतात, आणि बुडाशी साल-माती-चुना असा थरच बसलेला असतो. त्यात चेन घातली म्हणजे ती मातीच कापते. जमिनीला एकदा टोक लागलं तरी तासाभराची धार गेली समजा. बुंधा वीतभर वरून कापा. काप घ्यायचा तिथली साल कुऱ्हाडीनं तासून घ्या किंवा तारेच्या ब्रशनं झाडा. खालचं खोड तसंही जेसीबीच काढणार आहे. आडवा पडलेला ओंडका आरपार कापत खाली जाऊ नका. पाऊण कापा, लोटून फिरवा, उरलेला वरून कापा.

आणि धार एकदा लावली की महिनाभर बघायला नको, असं चेनसॉचं नसतंच, मग ती आमच्याकडून लावा की कुठूनही. टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारायचे. पोट्ट्यानं तुम्हाला हेच सांगितलं. त्याचा आवाज जरा चढा आहे, गिऱ्हाईक असो की घरचे, तो तसाच बोलतो.

त्यानं सांगितलेलं इथं लिहून ठेवतो, बाकीच्यांनाही कामाला येईल. तुमची चेन ०.३२५ इंच पिचची आहे (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, म्हणजे दीड सुताची. तुमच्या पिशवीत ५.५ ची होती. जाड कानस दाताच्या पोटात नीट बसत नाही, धार मागं कललेली होते आणि चेन लाकडावरून घसरते. बारीक घेतली तर उलटं, धार जास्त आत जाते, पातळ होते आणि लगेच मरते. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे, बाकी पोटात. आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. मागं-पुढं घासायला ती करवत नाही. कोन ३० अंश. वाळलेल्या बाभळीसारखं कडक लाकूड असेल तर २५ ठेवा, धार जरा जास्त टिकते. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, दोन्हीकडं हात सारखेच. झालं की दात उन्हात धरून कडेकडं बघा. कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर तिथं अजून बोथट आहे. धार लागलेली कड चमकत नाही. नागपूरच्या लकडगंजातल्या आरा मशीनवर जुनी माणसं पात्याकडं न बघता भुशाकडं बघून धार ओळखतात, ते इथंही चालतं. चेन ढलप्या फेकत असेल तर ठीक, पीठ पडायला लागलं की थांबा. जोर लावून दाबायचं नाही. दाबावं लागतंय म्हणजेच थांबायची वेळ झाली.

बारबद्दल एकच: जळकं इंजिन ऑइल घालणं बंद करा. ते चेनला चिकटत नाही, टोकावरून उडून जातं, आणि त्यात आधीच धातूचा कीस असतो. तुमच्या बारच्या कडा तापून निळ्या झाल्या होत्या, खाचेत काळा राडा गच्च बसलेला होता. तो आम्ही साफ केला, कडांवर उचललेला धातू घासून काढला, बार उलटा करून बसवला. त्याचे पैसे बिलात नाहीत.

मोठ्या मशीनबद्दल आता. ‘टाळली’ हा शब्द मला पटला नाही. ७० सीसीची मशीन शोकेसमध्ये आहे, रोज पुसतो, विकायलाच ठेवली आहे. तुम्ही संत्र्यासाठी म्हणालात म्हणून नको म्हटलं. संत्र्याचं झाड बुडापासूनच फांद्यांनी गच्च असतं, आत शिरायला जागा नाही, काटे वेगळे. तिथं २५ इंची बारचं टोक नेमकं कुठं आहे हे दिसतच नाही, आणि टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन उसळून अंगावर येते. त्या कामाला तुमच्या मशीनपेक्षा लहान, १४ किंवा १६ इंची बरी, हे मी तुम्हाला तोंडावरही सांगितलं होतं. शिवाय वजन. तुमची मशीन बार-चेनशिवाय पाच किलोच्या आतबाहेर आहे. मोठी नुसती सहाच्या वर, आणि बार, चेन, पेट्रोल, ऑइल धरून नऊच्या जवळ जाते. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ती दिवसभर धरून दाखवणारी माणसं आहेत, पण ती रोज तेच काम करणारी. चेनलाही ४२ दात, म्हणजे कानस आणखी वेळ खाणार. बोथट चेन मोठ्या इंजिनावर चढवली तर ती बोथटच राहते, फक्त बार लवकर जळतो.

‘निदान याच मशीनला २२ इंची बार लावून द्या’ असंही तुम्ही म्हणालात. त्यालाही नाहीच म्हणालो. ऑइलचा पंप तेवढ्या बारला पुरत नाही, आणि ४५ सीसीला तो भरल्या लाकडात ओढवत नाही.

मोठी मशीन कोणाला द्यावी? वादळात पडलेले कडुनिंब, गुलमोहर उचलायची ठेकेदारी घेणाऱ्याला, सागाचे ओंडके तोडणाऱ्याला, ज्याला दोन फुटांपेक्षा जाड खोड वरचेवर लागतं त्याला. तुम्ही उद्या असं काम धरलं तर मीच बिल फाडतो. मधला मार्गही आहे, ५५-६० सीसी आणि २० इंची बार. शेतकऱ्याला तो बहुतेक पुरतो.

तुमच्या धुऱ्यावरची चिंच मात्र खरंच मोठी आहे, तीन फुटांचा बुंधा १८ इंचीनं दोन्हीकडून घेतला तरी मधात लाकूड उरतं. पण एका झाडासाठी मशीन घेऊ नका, मोठी मशीन असलेला माणूस एका दिवसाच्या मजुरीवर मिळतो. आणि चिंच १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यातल्या यादीत आहे, तोडायच्या आधी परवानगी काढा. ती हातात आली की फोन करा, माणूस मी सांगतो. तोवर ४.८ ची कानस घ्या, आमच्याकडून नाही घेतली तरी चालेल. चेन परत आणलीत तर पोट्टा तुमच्यासमोर एक बाजू करून दाखवेल, दुसरी तुम्ही करा, त्याचे पैसे नाहीत. मंगळवार सोडून कधीही या.