'तुझी इच्छा असेल तर' म्हणणं हा अविश्वास नाही

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. काकांना जाऊन आठ महिने झालेत. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने एकदम विचारलं, "काकांसाठी प्रार्थना करताना आम्ही दर वेळी 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर' असं म्हणायचो. ते चुकलं का रे आमचं?"

हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं म्हणून विचारलं, तर तिने एक मेसेज पाठवला. त्या आठवड्यात तो मलाही तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. आता नीट वाचला. थोडक्यात तो असा: बायबलमधल्या याबेस नावाच्या माणसाची प्रार्थना ३० दिवस, रोज सकाळी, एकही शब्द न बदलता म्हणा, देव तुमच्या सीमा वाढवेल, म्हणजे नोकरी, घर, धंदा, बँकेतली शिल्लक. तुमच्याजवळ नाही कारण तुम्ही मागत नाही, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबच सांगतो. 'तुझी इच्छा असेल तर' म्हणू नका, तो अविश्वास आहे, त्याने उत्तर अडतं. तुम्ही निरोगी आणि श्रीमंत असावं हीच देवाची योजना आहे. आशीर्वाद हवा तर आधी दानाचं बी पेरा. आणि शेवटी, स्वतःसाठी जो जास्त मागतो त्याचा विश्वास जास्त खोल होतो.

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. पण या मेसेजला उत्तर द्यायला त्याची गरजही नाही. त्यात दिलेली वचनं उघडून पुढचं एकेक वचन वाचलं तरी पुरतं. मेसेजचा क्रम मी पाळत नाही. ज्या वाक्याने मावशीची झोप उडवली, तिथूनच सुरुवात करतो.

'तुझी इच्छा असेल तर' हे शब्द अविश्वासाचे असतील, तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने काय केलं? मार्क १४:३६ काढा. "अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." 'तुला सर्व काही शक्य आहे' हे पहिलं वाक्य आहे. म्हणजे देवाच्या सामर्थ्याबद्दल तिळमात्र शंका नाही. मागणीही स्पष्ट आहे, आडवळणाने केलेली नाही. आणि त्याच श्वासात स्वतःची इच्छा बापाच्या हाती दिली आहे. मत्तय २६:४२ मध्ये तर 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे ग्रीक मजकुरात जसेच्या तसे तेच शब्द आहेत, जे त्याने शिष्यांना प्रभूच्या प्रार्थनेत शिकवले होते. हा मेसेज लिहिणारा माणूसही ती प्रार्थना म्हणतच असणार. मग ती म्हणताना तो हे वाक्य गाळतो का?

याहून सरळ पुरावा मार्क १:४०-४१ मध्ये आहे. कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, "आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात." मेसेजच्या हिशेबाने इथे उत्तर अडायला हवं होतं. येशू हात पुढे करतो, त्याला शिवतो आणि म्हणतो, "माझी इच्छा आहे, शुद्ध हो." आधी शब्द सुधारून ये असं तो म्हणत नाही.

येशू ज्या शब्दाला हरकत घेतो तो वेगळाच आहे. मार्कच्या ९ व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, "आपल्याला काही करता येत असेल तर..." तिथे येशू थांबवतो. 'करता येत असेल तर' आणि 'इच्छा असेल तर' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात देवाच्या सामर्थ्याबद्दल शंका आहे, दुसऱ्यात त्याच्यावर सोपवणं आहे. मेसेजने दोन्ही एकात कालवली. आणि त्या बापाचं तरी पुढे काय झालं? तो ओरडून म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. इतक्या डळमळीत प्रार्थनेवरही त्याचा मुलगा बरा झाला.

बाबेलच्या भट्टीपुढे उभे असलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो आठवा (दानीएल ३:१७-१८). आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुमच्या मूर्तीला नमणार नाही. 'सोडवलं नाही तरी' हे म्हणणाऱ्यांचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणून दाखवावं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२:९). काटा राहिला. चौथ्यांदा आणखी ठाम शब्दांत माग, असा सल्ला त्याला कुणी दिला नाही.

मला राग आहे तो यासाठी. हा मेसेज ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याला उत्साह देतो आणि ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्याच्यावर दोष ठेवतो. नवऱ्याच्या उशाशी रात्री बसून काढलेल्या बाईला तो सांगतो की तुझे शब्द चुकले म्हणून तो गेला. ईयोबाच्या मित्रांनीही हेच केलं होतं: तुझ्यावर हे आलंय म्हणजे तुझंच काहीतरी चुकलंय. त्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर होतो, ईयोबावर नाही (४२:७). जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी कोणी पाप केलं म्हणून विचारलं, तेव्हा येशूने त्याने नाही आणि त्याच्या आईबापांनीही नाही, असं सांगितलं (योहान ९:३). इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना पुन्हा तोच प्रश्न एका विधवेपुढे ठेवायचा?

आता याकोब. 'तुमच्याजवळ नाही, कारण तुम्ही मागत नाही.' हे याकोब ४:२ आहे, खरं आहे, आणि मेसेज इथेच थांबतो. लगेच पुढचं वचन असं: तुम्ही मागता परंतु तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही अयोग्य प्रकारे मागता, म्हणजे आपल्या चैनीकरता खर्चावं म्हणून मागता. दुसरं घेऊन तिसरं सोडणं ही नजरचूक असेल असं मला वाटत नाही, कारण हा सगळा मेसेज ज्या प्रकारच्या मागण्यावर उभा आहे त्याचंच नाव तिसऱ्या वचनात आहे. तिथे 'खर्चणं' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच लूक १५:१४ मध्ये उधळ्या पुत्राने सगळं उडवून टाकलं तिथे येतं. त्या मुलानेही बापाकडे मागितलं होतं आणि त्याला मिळालंही होतं. मागितलेलं मिळणं म्हणजे बापाशी नातं खोल होणं नव्हे, हे त्या एका गोष्टीवरूनच कळतं. मिळाल्यावर तो दूरदेशी निघून गेला.

आणि लोभ कुठे सुरू होतो हेही याकोबच सांगतो. चौथा अध्याय सुरूच होतो तो तुमच्यातल्या लढाया आणि भांडणं कुठून येतात या प्रश्नाने, आणि उत्तर आहे तुमच्या वासनांतून. पुढे ४:१३-१५ मध्ये तो अमक्या गावी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असं ठरवणाऱ्यांना थांबवून काय म्हणायला सांगतो? 'प्रभूची इच्छा असेल तर.' म्हणजे मेसेजने जे पत्र साक्षीला आणलं, त्याच पत्रात, त्याच अध्यायात, मेसेजने बंदी घातलेले शब्द शिकवलेले आहेत! पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी देवाच्या कानी पोचते. सीमा वाढव म्हणून मागणाऱ्याने आधी हे वाचावं. माझी सीमा वाढताना ती कुणाच्या वाट्यात शिरतेय हा प्रश्न ज्या प्रार्थनेत येतच नाही, तिथे लोभ येऊन बसलेला असतो. हे पत्र सगळं मिळून पाच अध्याय, १०८ वचनं आहे. पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा बसून ते सलग वाचावं.

मार्क ११:२४ चं उत्तर मला येईलच, म्हणून आधीच सांगतो. 'मिळालंच आहे असा विश्वास धरा' हे तिथे आहे. मी ते नाकारत नाही. पण त्याच्या पुढचं वचन प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा, असं आहे. तेही कुणी पुढे पाठवत नाही.

याबेसाबद्दल. १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय वंशावळी आहेत. नावांमागून नावं येतात, आणि मध्येच ४:९-१० या दोन वचनांत हा माणूस थोडा वेळ थांबतो. आईने त्याला वेदनेने जन्म दिला म्हणून हे नाव ठेवलं. हिब्रूत त्या नावाची अक्षरं 'वेदना' या शब्दाच्या अक्षरांची उलटापालट आहेत. म्हणजे हाक मारली की दुःखाची आठवण. तो देवाला म्हणतो, मला आशीर्वाद दे, माझी सीमा वाढव, तुझा हात माझ्याबरोबर राहो, मला अरिष्टापासून राख, म्हणजे मला दुःख होणार नाही. देवाने त्याचं मागणं दिलं. मला ही प्रार्थना आवडते. नावातच दुःख घेऊन जगलेला माणूस दुःख नको म्हणतोय, यात लोभ शोधणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पण तिच्यात ३० दिवस कुठे आहेत? शब्द न बदलण्याची अट कुठे आहे? मत्तय ६:७ मध्ये येशू नेमकं याच्या उलट सांगतो: परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका, आपल्या पुष्कळ बोलण्यामुळे ऐकलं जाईल असं त्यांना वाटतं. ठरलेल्या दिवसांत ठरलेलं फळ देणारं वाक्य हा मंत्र झाला, त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही.

श्रीमंती आणि आरोग्याची 'योजना' ज्या दोन वचनांवर उभी केली आहे त्यांत फार वेळ घालवत नाही. तुला सर्व बाबतींत बरं असावं आणि आरोग्य लाभावं असं म्हणणारं ३ योहान २ हे गायस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रातलं सुरुवातीचं क्षेमकुशल आहे. आपणही पत्रात प्रकृतीला जपा असं लिहितो, त्याचं कुणी वचनपत्र करत नाही. तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत असं देव म्हणतो ते यिर्मया २९:११ बाबेलात बंदिवान नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आधीचंच वचन सांगतं की सुटकेला ७० वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सुटका दिसणार नव्हती.

दानाचं बी. यासाठी मलाखी ३:१० पुढे करतात: सगळा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणा म्हणजे मी आशीर्वाद ओतीन. त्याच्या जोडीला अनुवाद १४:२८-२९ वाचा: दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून होता. तो विधवेला द्यायचा होता. मावशीला हा मेसेज पाठवणारे तो विधवेकडून मागताहेत.

राहिला शेवटचा दावा, स्वतःसाठी मागितल्याने विश्वास खोल होतो. इथे मला थोडं मागे यावं लागतं, कारण यात अर्धं खरं आहे. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशू त्याला मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून विचारतो. त्याने स्वतःसाठी मागावं असं प्रभूला वाटतं. निपुत्रिक हन्नाने मुलासाठी रडून मागितलं. 'आमची रोजची भाकर' यात काय काय येतं हे धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लिहिलं, तेव्हा अन्नाबरोबर कपडे, जोडे, घर, चांगलं हवामान, आरोग्य, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारीही त्यात घातले. ज्याला आपण बाप म्हणतो त्याच्यापुढे गरज लपवणं ही काही नम्रता नाही. मोठ्या भक्तिभावाने स्वतःसाठी काहीच न मागणारी माणसं मी पाहिली आहेत. कधी कधी ती देवाशी बोलायचीच थांबलेली असतात.

पण खोली येते ती मागण्यामुळे, मिळालेल्या वस्तूंच्या संख्येमुळे नाही. मत्तय ७:११ मध्ये स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना 'चांगल्या देणग्या' देतो; तीच गोष्ट लूक ११:१३ मध्ये सांगताना तिथे 'पवित्र आत्मा' हा शब्द येतो. हन्नाला मुलगा झाला आणि तिने तो देवाच्या घरी नेऊन दिला. आणि नीतिसूत्रे ३० मधला आगूर स्वतःसाठीच मागतो, पण काय? दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको, माझ्या वाट्याचं अन्न दे. पोट भरलं तर मी तुला नाकारीन, दरिद्री झालो तर चोरी करीन. हीसुद्धा वैयक्तिक आशीर्वादाचीच प्रार्थना आहे. ती ३० दिवस म्हणायला कुणी सांगत नाही.

सुमारे ४१२ साली प्रोबा नावाच्या एका रोमन विधवेने, प्रार्थना कशी करावी, असं आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याला विचारलं होतं. रोम लुटलं गेल्यावर ती आफ्रिकेत आली होती. त्याने लांब पत्र लिहिलं. गरजेपुरतं मागण्यात काही गैर नाही असं सांगताना त्याने हाच आगूर पुढे ठेवला, आणि मागून न मिळाल्याचं सांगताना पौलाचा काटा आणि गेथशेमाने. तुझे शब्द कमी पडले असं त्याने तिला लिहिलं नाही.

मावशीला हे सगळं मी एकदम सांगितलं नाही. फोनवर फक्त मार्क १४:३६ वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही त्याच्यासारखंच म्हणत होतो." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मला रात्री झोप लागत नाही रे. झोप मागितली तर चालेल का? एवढ्याशा गोष्टीसाठी?" मी तिला स्तोत्र ४ चं शेवटचं वचन काढायला सांगितलं, मी स्वस्थपणे पडून झोपी जाईन असं म्हणणारं. चष्मा शोधायला ती उठली, आणि मी फोन धरून थांबलो.