योरिंगेलने तिला ओळखलंच नाही

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून मूळ गोष्टच पुन्हा काढून बसले. योरिंडे-योरिंगेल ही जर्मन परीकथा: चेटकीण मुलींना पक्षी करून आपल्या वाड्यात पिंजऱ्यांत कोंडते, त्यात योरिंडेही सापडते, आणि तिचा प्रियकर योरिंगेल तिला सोडवतो. तुमचं म्हणणं असं की या गोष्टीत चेटकिणीला हरवतं ते जादूचं फूल, प्रेमबिम नव्हे; आणि मुलगी नुसती पिंजऱ्यात बसून राहते.

मुलीबद्दलचं मान्य. गाता गाता तिचा शब्द अर्ध्यात तुटतो, तिची नाइटिंगेल (युरोपातला एक गाणारा पक्षी) होते, आणि पुन्हा माणूस झाल्यावरही ती त्याच्या गळ्यात पडते तेवढीच. तोंडी एक वाक्य नाही.

फुलाबद्दल मात्र भांडणार. पण त्याआधी माझी चूक. ‘सात हजार पिंजऱ्यांतून त्याने प्रेमाच्या बळावर तिला ओळखलं,’ असं मी ठोकून दिलं होतं. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या गोष्टीत तसं काहीच नाही (त्यांनी ती घेतली युंग-स्टिलिंग या जर्मन लेखकाच्या १७७७ च्या आत्मकथनातून). आपली दमयंती देवांना शरण जाते आणि मग देवांच्या न लवणाऱ्या पापण्या, जमिनीला न टेकणारे पाय बघून त्यांच्यातून खरा नळ हेरते. योरिंगेल बापडा शेकडो नाइटिंगेलांपुढे गोंधळून उभा! म्हातारी चेटकीण एक पिंजरा गुपचूप उचलून दाराकडे सटकते, तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटते.

मग प्रेम कुठे आहे? मला ते मेंढ्यांत दिसतं. चेटकीण त्याला सोडते आणि बजावते, ती तुला पुन्हा मिळायची नाही. तो परक्या गावात मेंढ्या राखत राहतो, कितीतरी दिवस. वाड्याभोवती घिरट्या घालतो, पण बेताच्या अंतरावरून; शंभर पावलांच्या आत गेलं की माणूस दगडासारखा थिजतो. फुलाचं स्वप्न पडतं ते त्यानंतर. स्वप्नातल्या लालभडक फुलात मोती असतो. रानोमाळ हिंडून नवव्या दिवशी पहाटे सापडतं त्यात असतो मोत्याएवढा दवाचा थेंब. मोतीच हवा म्हणून तो अडून बसत नाही. रात्रंदिवस चालत ते फूल वाड्यापर्यंत नेतो. हे काम फुलाने केलं म्हणायचं?

आणि ‘म्हातारीला खलनायिका केलं’ म्हणालात, तर तिला कोणी जाळत नाही की मारत नाही. फूल लागतं, जादू जाते, बस्स.

लेखातलं ते वाक्य खोडलंय. तिथे नाइटिंगेलला ‘बुलबुल’ म्हटलं होतं, तेही बदललं. बुलबुल आमच्या गॅलरीत रोज येतो, तो पक्षी वेगळा.